मुनीम बदलण्यापूर्वी



सेवानिवृत्त बँक अधिकाऱ्याचा लेख म्हटला, की ठेवी, व्याजदर किंवा मृत्युपत्र यांपैकी काहीतरी वाचावयास मिळणार, अशी वाचकांची अपेक्षा असते. आजचा विषय वेगळा आहे. खेळ खेळण्याच्या संगणकाचा प्रोसेसर बदलावा की बदलू नये, हा प्रश्न मे महिन्यात आमच्या घरी उपस्थित झाला आणि त्याचा निकाल देण्याची जबाबदारी माझ्यावर आली. प्रश्न बावीस हजार रुपयांचा होता. उत्तर शोधताना मात्र मला माझ्याच एकोणीस वर्षांपूर्वीच्या एका सहीपर्यंत मागे जावे लागले.

नातवाने बारावीची परीक्षा दिली होती. एका दुपारी तो एक कागद घेऊन माझ्या खोलीत आला आणि दार लोटून घेत म्हणाला, "आजोबा, बाबांना आत्ताच सांगू नका. आधी तुम्ही बघा." कागद म्हणजे संगणकाच्या दुकानदाराने दिलेले दरपत्रक होते. त्यावर तीन पर्याय होते. पहिला, रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर, ११,००० रुपये. दुसरा, रायझन ७ ५७००एक्स३डी, २२,५०० रुपये. तिसरा, नव्या पिढीचा प्रोसेसर, त्याला लागणारा नवा मदरबोर्ड आणि नवी डीडीआर५ रॅम, एकूण ४१,५०० रुपये. दुसऱ्या पर्यायाभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढलेले होते.

"आत्ताचा प्रोसेसर जुना झालाय आजोबा. तोच बॉटलनेक आहे. गेम मध्येच अडखळतो."

हा संगणक आम्ही २०२० मध्ये, टाळेबंदीत शाळा घरी आली तेव्हा, ६२,००० रुपयांना घेतला होता. रायझन ५ ३६०० हा सहा गाभ्यांचा प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, आठ जीबी रॅम आणि जीटीएक्स १६६० सुपर हे ग्राफिक्स कार्ड. आयकराच्या नियमानुसार संगणकावर ४० टक्के घसारा मिळतो. सवयीने मी हिशेब केला. चार वर्षांनंतर त्याची पुस्तकी किंमत आठ हजारांच्या आसपास येत होती. आठ हजारांच्या मालमत्तेवर साडेबावीस हजारांचा भांडवली खर्च! तरीही खरे सांगतो, माझा हात धनादेशाच्या पुस्तकाकडे गेला होता. मुलगा अभ्यासू आहे, मागतोही क्वचित. आणि चिरंजीवांचा हंगाम मंदीचा असल्याने तो त्यांच्याकडे न जाता माझ्याकडे आला, हेही मनाला भावले होते.

पण "यंत्र जुने झाले आहे, नवे घेतले की सर्व सुरळीत होईल" हे वाक्य मी पूर्वी ऐकलेले होते. किंबहुना, ते मीच उच्चारलेले होते. त्याविषयी पुढे सांगतो. त्या क्षणी मी एवढेच म्हणालो, "कर्जाचा अर्ज आला, की आधी स्थळपाहणी असते. उद्या सकाळी तुझे यंत्र मला चालू करून दाखव."

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन त्याच्या शेजारी बसलो. पडद्यावर सेकंदाला किती चित्रे उमटतात, त्यावर खेळाचा ओघवतेपणा अवलंबून असतो. त्या चित्रांना फ्रेम म्हणतात. नातवाचा मॉनिटर सेकंदाला १४४ फ्रेम दाखवू शकतो. त्याच्या आवडत्या खेळात सरासरी ९२ मिळत होत्या, आणि ऐन धामधुमीच्या क्षणी तो आकडा ४१ पर्यंत कोसळत होता. अडखळणे म्हणतात ते हेच. तक्रार खोटी नव्हती.

आता दोष कोणाचा, हे ठरवायचे. संगणकाच्या खेळात काम दोन ठिकाणी होते. खेळात काय घडत आहे याचा हिशेब प्रोसेसर करतो, आणि त्या हिशेबावरून चित्र रंगवण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते. दोघांपैकी जो मंद, त्याच्या गतीने सगळा खेळ चालतो. पारख करण्याची सोपी रीत नातवालाच ठाऊक होती. चित्राचा दर्जा आणि बारकावे अगदी कमी करायचे, म्हणजे ग्राफिक्स कार्डावरचा भार उतरतो. त्याने फ्रेम भराभर वाढल्या, तर अडथळा कार्डात होता असे समजावे. वाढल्याच नाहीत, तर अडथळा प्रोसेसरच्या बाजूला आहे. आम्ही दर्जा कमी केला. ९२ च्या ९४ झाल्या.

"बघा, मी म्हणत होतो," नातू म्हणाला.

पण विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा एकूण वापर अवघा ४८ टक्के दिसत होता. निम्मे काम करणारा माणूस थकला कसा? याचेही उत्तर त्याच्याकडे होते. बरेच खेळ आपला मुख्य भार एकदोन गाभ्यांवरच टाकतात. सहा कारकुनांच्या शाखेत एकाच खिडकीपुढे रांग लागलेली असावी आणि बाकीचे हातावर हात ठेवून बसलेले असावेत, तसा हा प्रकार. म्हणून एकूण टक्केवारीवर विसंबून चालत नाही. मला ते पटले. त्याचे निम्मे निदान बरोबर होते.

उरलेल्या निम्म्यासाठी मला वडिलांचे दुकान आठवले. सांगलीत त्यांचे भुसार मालाचे दुकान होते. रोज खपणारा माल गल्ल्याजवळच्या फळीवर असे, त्याहून अधिक मागच्या खोलीत, आणि उरलेला मार्केट यार्डातील गोदामात. गिऱ्हाईक आले, की मुनीम हात लांब करून फळीवरचा माल देई. तिथे नसला, की पोऱ्या मागच्या खोलीत धावे. तोवर मुनीम मोकळा बसून राही. प्रोसेसर म्हणजे हा मुनीम. त्याच्या अंगातच असलेली कॅशे नावाची छोटी साठवण म्हणजे फळी, रॅम म्हणजे मागची खोली आणि डिस्क म्हणजे गोदाम. दरपत्रकातील २२,५०० रुपयांच्या प्रोसेसरची खुबी या फळीतच आहे. जुन्याची फळी ३२ एमबीची, तर त्याची ९६ एमबीची. फळी तिप्पट झाली, की मागच्या खोलीच्या खेपा कमी होतात, आणि म्हणून खेळांत तो इतका चपळ ठरतो.

मी विचारले, "खेपा कमी करण्यासाठी आपण फळी वाढवणार. पण मागच्या खोलीचे दार नीट उघडे आहे का, हे पाहिलेस?"

त्याने टास्क मॅनेजरमधील मेमरीचे पान उघडले आणि तो एकदम गप्प झाला. रॅमच्या जागा चार, त्यांपैकी भरलेली एक. वेग २१३३. त्याच रॅमच्या खोक्यावर, जे सौभाग्यवतींनी माळ्यावर जपून ठेवले होते, ३२०० छापलेले होते.

झाले होते ते असे. या मदरबोर्डावर रॅमच्या दोन पट्ट्या योग्य जागी लावल्या, तर प्रोसेसरशी दोन वाटांनी देवाणघेवाण होते. एकच पट्टी असली, की एकच वाट. दुपाखी दाराचे एक दार कायमचे लावून घ्यावे, तसे ते चार वर्षे चालले होते. शिवाय रॅमचा खरा वेग मिळण्यासाठी मदरबोर्डाच्या मांडणीत एक्सएमपी नावाचा पर्याय एकदा निवडावा लागतो. तो कोणी निवडलाच नव्हता. या घराण्याच्या प्रोसेसरांत आतील दळणवळणाची गतीही रॅमच्या वेगाशी बांधलेली असते, त्यामुळे रॅम मंद चालली, की नुकसान दुहेरी होते. मुनीम आळशी नव्हता, तो मालाची वाट पाहत बसला होता.

तापमानही पाहिले. खेळ चालू असताना प्रोसेसर ९३ अंशांपर्यंत तापत होता. या प्रोसेसरची कमाल मर्यादा ९५ अंशांची आहे, आणि ती जवळ आली, की तो स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आवरता घेतो. आम्ही पेटी उघडली. पंख्याखालच्या धातूच्या पात्यांत चार वर्षांची धूळ नमदा घातल्यासारखी बसलेली होती. कोपऱ्यात एक कोळी होता. सौभाग्यवतींनी तो कागदावर अलगद घेऊन बागेत सोडला आणि आणखी काही जीव नाही ना, हे विजेरीने पाहून झाल्यावरच आम्हाला कुंचला लावू दिला.

त्याच संध्याकाळी रॅमची दुसरी पट्टी १,७५० रुपयांना आणि प्रोसेसरवर लावावयाचा उष्णतावाहक लेप ३०० रुपयांना आणला. एकूण खर्च २,०५० रुपये. नवा लेप लावून, पट्टी बसवून, ३२०० चा पर्याय निवडून खेळ पुन्हा सुरू केला. सरासरी १२१. सर्वांत खालचा आकडा ८३. तापमान ७६ अंश. मी वहीत आकडे लिहीत होतो आणि नातू माझ्याकडे पाहून हसत होता. "आजोबा, हे तुम्हाला कसं सुचलं?"

तेव्हा मी त्याला इचलकरंजीची गोष्ट सांगितली. ती मी घरात कोणालाही सांगितली नव्हती.

१ जानेवारी २००५ पासून जागतिक वस्त्रव्यापारातील कोटा पद्धत संपली. आता भारतीय कापडाला जग मोकळे झाले, अशी हवा होती. १९९९ मध्ये सुरू झालेल्या तंत्रज्ञान उन्नयन निधी योजनेखाली नव्या यंत्रांच्या कर्जावरील व्याजात पाच टक्क्यांची सवलत मिळत असे. मी तेव्हा इचलकरंजीत एका शाखेत कर्जविभाग सांभाळत होतो आणि शाखेला उद्दिष्ट दिलेले होते. आपल्याच समाजातील एक यंत्रमागधारक माझे खातेदार होते. धोट्याचे साधे माग, घरातलीच माणसे कामाला, खाते चोख. मी त्यांना आठ रेपिअर माग घेण्यास सुचवले. रेपिअरमध्ये धोटा नसतो. बाणा एका दांडीने ओढून नेला जातो, आणि माग जुन्याच्या दुपटीहून अधिक वेगाने चालतो. ते घुटमळले. म्हणाले, "साहेब, वेग वाढेल, पण ताण्याचं सूत आत्ताच तुटतंय. त्याचं काय करायचं?" मी म्हणालो, "यंत्र जुने आहे म्हणून तसे होते. नवे आले, की सर्व सुरळीत होईल."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. मी मूल्यांकनाचे टिपण लिहिले. उत्पादनक्षमता, विक्री, परतफेड, सगळे आकडे कागदावर जुळत होते. ज्या सायझिंगमधून ताण्याचे बीम येत, तिथे मात्र मी एकदाही गेलो नाही. माग आले, वेगाने धावले, आणि त्या वेगाला ते सूत टिकेना. धागा तुटला, की माग थांबतो. आठ माग दिवसभर थांबत आणि चालत राहिले. त्यात भारनियमनाची भर पडली. दोन वर्षांत खाते थकले, माग मिळेल त्या किमतीला गेले आणि घरापुढची मोकळी जागाही त्यांनी विकली. माझी दरम्यान पदोन्नतीवर बदली झाली होती. चौकशीत माझ्या टिपणात नियमबाह्य काही सापडले नाही. खरोखरच नव्हते. अडथळा कुठे आहे हे खातेदाराने मला सांगितले होते आणि मी ते ऐकले नव्हते, एवढेच. आणि हे कोणत्याही रकान्यात लिहिता येत नाही.

नातवाने सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "नंतर भेटलात का त्यांना?"

मी नाही म्हणालो. दरवर्षी क्षमावाणीला मी शेदीडशे लोकांना पत्रे आणि आता संदेश पाठवतो. ज्यांचा मी काहीच अपराध केलेला नाही, असे बहुतेक सगळे त्या यादीत आहेत. ते एक नाव मी कधी घातले नाही.

तो विषय तिथेच राहिला, कारण प्रोसेसरचा निकाल अजून लागायचा होता. १२१ म्हणजे १४४ नव्हेत. नवा प्रोसेसर घेतला असता, तर हा पल्ला गाठला गेला असता, याबद्दल मला शंका नाही. तो याच मदरबोर्डावर, त्याची बायोस प्रणाली अद्ययावत करून, बसतो. म्हणजे दुसरा पर्याय मुळात चुकीचा नव्हता, आणि तिसऱ्याहून तर खचितच शहाणपणाचा होता. प्रश्न आता अर्थशास्त्रात ज्याला सीमांत लाभ म्हणतात, त्याचा होता. पहिल्या २,०५० रुपयांत सरासरी २९ फ्रेम वाढल्या आणि अडखळणे जवळजवळ थांबले. पुढच्या वीसपंचवीस फ्रेमना २२,५०० रुपये पडणार होते. मी त्याला सांगितले, की तू खेळत असलेल्या प्रत्येक खेळावर हीच परीक्षा करून पाहा.

दोन दिवसांनी त्याने स्वतःच वही आणून दाखवली. त्याच्या मोटारशर्यतीच्या खेळात ग्राफिक्स कार्ड ९८ टक्क्यांवर चालत होते. तिथे प्रोसेसर कितीही भारी आणला, तरी उपयोग शून्य. नव्या प्रोसेसरचा लाभ एकाच खेळाला मिळणार होता, आणि तो म्हणजे मित्रांबरोबर खेळायचा गोळीबाराचा खेळ.

हे ऐकून सौभाग्यवती म्हणाल्या, "म्हणजे बावीस हजार रुपये माणसं अधिक वेगानं मारायला?"

"आजी, तिथं कोणी मरत नाही. ती नुसती चित्रं आहेत."

"यशोधर राजानं तरी कुठं खरा कोंबडा मारला होता? पिठाचाच होता तो."

ही कथा आपल्या घरांतून सर्वांना ठाऊक आहे. आईच्या आग्रहाखातर यशोधराने देवीपुढे पिठाच्या कोंबड्याचा बळी दिला, आणि संकल्प मारण्याचा होता म्हणून दोघांनाही तिर्यंच गतीचे फेरे चुकले नाहीत. नातवाने उत्तर दिले नाही. मी काही शास्त्राचा अभ्यासक नव्हे. तो खेळ खेळून आमचा मुलगा क्रूर झाला आहे, असे मला मुळीच दिसत नाही. खेळताना तो मित्रांची थट्टा करतो, हरला तर हसतो, हेही मी दाराआडून ऐकले आहे. तरीसुद्धा श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंडविरती आहे, आणि तिच्या विवेचनात अपध्यानाचा स्वतंत्र उल्लेख आहे, तो उगाच नसावा. परिग्रहाचे परिमाण वस्तूंचे असते, तसे ते हौसेचेही असावे काय, हा प्रश्न मी त्याच्यापुढे ठेवला आणि निकाल त्याच्यावर सोडला. पैसे मी देणार होतो, ते वचन कायम होते.

आठवडाभराने तो म्हणाला, "राहू दे आजोबा. एका खेळासाठी एवढे नकोत." खेळ त्याने सोडला नाही. दशलक्षण पर्वाच्या दहा दिवसांत मात्र तो उघडणार नाही, असा नियम त्याने आपण होऊन घेतला. मला एवढे पुरेसे वाटले.

अशी मागणी आज अनेक घरांत होत असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. मुलावर रागावू नये आणि लगेच पैसेही काढून देऊ नयेत. त्याच्याबरोबर तासभर बसावे. चित्राचा दर्जा कमी करून फ्रेम वाढतात का, ते पाहावे. रॅमच्या पट्ट्या किती आणि त्यांचा प्रत्यक्ष वेग किती, ते पाहावे. तापमान पाहावे, पेटी जपून स्वच्छ करावी. एवढे करूनही अडथळा प्रोसेसरचाच निघाला आणि लाभ सर्वत्र होणार असला, तर अवश्य बदलावा. त्यातही मदरबोर्ड तोच ठेवून भागते का, हे आधी विचारावे. यंत्र जुने होणे हा दोष नव्हे. निदान न करता खर्च करणे, हा दोष आहे. तो दोष मुलांचा नसून मोठ्यांचाही असू शकतो, हे मी अनुभवाने सांगतो.

दशलक्षण पर्व संपले. क्षमावाणीच्या दिवशी सकाळी नातू तयार होऊन माझ्यापुढे उभा राहिला. "इचलकरंजीची बस साडेनऊला आहे," एवढेच तो बोलला.

त्या गृहस्थांचे घर तेच होते. घरापुढच्या मोकळ्या जागेवर आता दुसऱ्याचे दुमजली दुकान आहे. त्यांनी मला ओळखले आणि खुर्ची पुढे केली. बसमध्ये मनात मांडलेली वाक्ये मला एकही आठवेना. मी हात जोडून म्हणालो, "सुताचं तुम्ही सांगितलं होतंत. मी ऐकलं नाही. उत्तम क्षमा." ते बराच वेळ जमिनीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "साहेब, कागदावर सही दोघांचीही होती." थोड्या वेळाने त्यांनी हात जोडले. त्यांचे मन पूर्ण निवळले, असे मी म्हणू शकत नाही. एकोणीस वर्षांचे व्याज एका नमस्कारात फिटत नाही, हे बँकेतल्या माणसाला कळते. पण खाते निदान उघडले गेले.

त्यांनी आम्हाला सूर्यास्तापूर्वी जेवल्याशिवाय सोडले नाही. ताटावर बसल्यावर त्यांनी नातवाला विचारले, "काय शिकतोस?" तो म्हणाला, "कॉम्प्युटर." ते म्हणाले, "त्यातही ताणाबाणा असतो का रे?" नातवाने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "असतो की. आमचा ताणाच तुटत होता." आणि मग त्याने त्यांना रॅमची सगळी हकीकत सांगितली. ते लक्ष देऊन ऐकत होते.